शहाण्यांचा मटका

फसवणुकीच्या बातम्यांना पूर्वी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बाजारभावाच्या शेजारी जागा मिळत असे. आता त्या पहिल्या पानावर येऊ लागल्या आहेत, आणि तरीही त्यांचे कोणास फारसे नवल वाटेनासे झाले आहे. निवृत्त अधिकारी, अभियंता, डॉक्टर, बँकेतला माजी व्यवस्थापक अशा कोणीतरी मोबाइलवरील 'गुंतवणुकी'त आयुष्याची पुंजी घालविल्याची हकीकत रोज सकाळी छापून येते. वाचक चहाचा घोट घेत ती वाचतो, "इतके शिकून एवढी अक्कल नसावी?" असे उद्गारतो आणि पान उलटतो. या उद्गाराचाच आज आम्हांला थोडा समाचार घ्यावयाचा आहे. कारण अक्कल नसल्यामुळे ही माणसे बुडतात, हे आम्हांस मान्य नाही. आपल्याला अक्कल आहे, आपण अभ्यास केला आहे, म्हणून आपण जुगारी नव्हे, गुंतवणूकदार आहोत, अशी त्यांची पक्की समजूत असते. आणि ही समजूत हेच आज ठकांचे आणि, खेदाने म्हणावे लागते, काही सरकारमान्य धंद्यांचेही भांडवल होऊन बसले आहे.

प्रथम ठकांचा विचार करू. सायबर गुन्हेगारांनी २०२३ साली देशातील नागरिकांचे ७,४६५ कोटी रुपये लांबविले. २०२४ साली ही रक्कम २२,८४५ कोटींवर गेली, असे केंद्र सरकारनेच संसदेस सांगितले आहे. एका वर्षात तिपटीहून अधिक! यात नाना प्रकारचे गुन्हे आहेत; परंतु शेअरव्यवहाराच्या नावाने झालेली लूट त्यात मोठी आहे. २०२४ च्या पहिल्या चारच महिन्यांत या एका प्रकारात लोकांनी १,४२० कोटी रुपये गमावले, असे गृहखात्याच्या सायबर केंद्राने जाहीर केले होते.

ही लूट होते कशी, ते नीट पाहण्यासारखे आहे. फेसबुकवर वा इन्स्टाग्रामवर एक जाहिरात दिसते. तीत एखाद्या नामांकित अर्थतज्ज्ञाचा किंवा उद्योगपतीचा चेहरा असतो. हल्ली तर यंत्राच्या करामतीने त्या चेहऱ्याला बोलतेही करतात. जाहिरातीवर बोट ठेवले की माणूस व्हॉट्सॲपच्या एका गटात दाखल होतो. तेथे पैशाची घाई कोणी करीत नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक 'सर' रोज सायंकाळी चक्क शिकवणी घेतात. कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा, भावाचा आलेख कसा पाहावा, कोणत्या पातळीला विकून मोकळे व्हावे, सारे समजावून सांगतात. शंका विचारली तर उत्तर मिळते. गटातले शे-दीडशे सभासद आपापल्या नफ्याचे आकडे एकमेकांस दाखवितात, सरांचे आभार मानतात. यांतले बहुतेक एकाच टोळीचे पगारी नोकर असतात, हे नवख्याला कोठून कळावे? पुढे एक ॲप उतरवून घ्यावयास सांगतात. त्यावर भरलेली रक्कम दिवसागणिक वाढताना दिसते. तो आकडा म्हणजे पडद्यावर काढलेले निव्वळ चित्र असते. त्याच्यामागे ना शेअर असतो, ना बाजार. सावध माणूस परीक्षा पाहण्यासाठी पाच-दहा हजार परत मागतो. ते तत्काळ त्याच्या खात्यावर जमा होतात, आणि येथेच सावध माणसाचा सावधपणा संपतो. मग मुदतठेवी मोडल्या जातात, भविष्यनिर्वाह निधी बाहेर निघतो. आपल्याला अमुक कंपनीचे शेअर मंजूर झाले आहेत, पैसे न भरल्यास आधीची रक्कम गोठेल, असे एके दिवशी कळविले जाते, तेव्हा मेहुण्याकडून उसनेही घेतले जातात. शेवटी पैसे काढू गेल्यावर उत्तर मिळते की, आधी नफ्यावरचा कर भरा. तो भरला की प्रक्रियाशुल्क भरा. ते भरले की गट नाहीसा होतो.

यात लोभ नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ठकाने येथे आमिषाआधी शिकवणी पुढे केली, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याला गिऱ्हाइकाचा स्वभाव ठाऊक आहे. दामदुप्पट देणाऱ्या बुवाला हा मध्यमवर्गीय हसला असता. नोटांचा पाऊस पाडणाऱ्या मांत्रिकाच्या बातमीला तर तो रोजच हसतो. पण वही घेऊन बसावयास सांगणारा मास्तर भेटला की त्याचा कयास बदलतो. अभ्यास करून यश मिळते, या एका श्रद्धेवर त्याच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या आहेत. ज्या श्रद्धेने त्याला नोकरी दिली, घर दिले, त्याच श्रद्धेच्या वाटेने चोर घरात शिरला.

पैसा पुढे कोठे जातो? तो भाड्याने घेतलेल्या बँकखात्यांतून जातो. दोन-चार हजारांच्या मोबदल्यात आपले खाते दुसऱ्यास वापरावयास देणारे लोक आपल्याच शहरांत आहेत. एका खात्यातून दहा खात्यांत, दहांतून शंभरांत, आणि मग आभासी चलनाचे रूप घेऊन तो सीमेपार होतो. कंबोडिया, लाओस, म्यानमार या देशांत या धंद्याच्या वसाहती आहेत, आणि तेथे गटावर गोड संदेश टंकणारे हातही पुष्कळदा आपल्याच मुलांचे असतात. नोकरीच्या आशेने गेलेल्या आणि तेथे डांबल्या गेलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. ठाण्याच्या गृहस्थाला 'सर' म्हणून सल्ला देणारा तरुण हा असाच फसलेला एखादा पदवीधर असेल, या कल्पनेने मन विषण्ण होते.

पुणेकरांना तर या शिकवणीचा याहून जुना अनुभव आहे. अमित भारद्वाज यांच्या 'गेनबिटकॉइन' या योजनेने २०१५ पासून बिटकॉइनवर दरमहा दहा टक्के, असा अठरा महिने परतावा देऊ केला होता. अठरा महिन्यांत मुद्दलाच्या जवळजवळ दुप्पट! हा हिशेब इयत्ता सातवीच्या मुलालाही संशयास्पद वाटला असता. परंतु 'मायनिंग', 'ब्लॉकचेन', 'क्लाउड' असे शब्द त्याच्याभोवती गुंडाळताच संगणकक्षेत्रातल्या माणसांनीही त्यात पैसे घातले, आणि साखळीत आपल्या मित्रांनाही ओढले. नवे सभासद आणण्याचा ओघ आटला तेव्हा बिटकॉइनऐवजी कंपनीचे स्वतःचेच एक नाणे गळ्यात मारण्यात आले. २०१८ साली पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. या प्रकरणात लोकांकडून ६,६०० कोटी रुपये गोळा झाल्याचे सक्तवसुली संचालनालय म्हणते. कहर असा की, या तपासात पोलिसांना तज्ज्ञ म्हणून साहाय्य करणाऱ्या दोघांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासाच्या निमित्ताने हाती आलेले आभासी चलन त्यांनी स्वतःकडे वळविले, असा त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे खटले केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले, आणि त्या विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. योजना सुरू झाल्यापासून तोवर जवळजवळ दहा वर्षे लोटली होती. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली खास कायदा केला, केंद्राने २०१९ साली अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घातली. पण कायदा पायी चालतो आणि पैसा तारेवरून पळतो, अशी आजची स्थिती आहे.

येथपर्यंत आमच्याशी कोणी वाद घालणार नाही. चोर तो चोर. परंतु मोबाइलवर बोट फिरवून दुपारपर्यंत महिन्याचा पगार कमावता येतो, हा धडा त्या निवृत्त अधिकाऱ्याने किंवा तेवीस वर्षांच्या पदवीधराने प्रथम कोणाकडे गिरविला? तो धडा चोराने दिलेला नाही. परवाना घेतलेल्या दलालाच्या, सरकारी देखरेखीखालच्या बाजाराच्या ॲपवर तो गिरविला गेला आहे.

वायदे आणि ऑप्शन यांचा व्यवहार आता घराघरात पोहोचला आहे. मूळ कल्पना चांगली आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याच्याजवळ शेअरांचा मोठा साठा आहे त्याने भाव पडण्याच्या भीतीपोटी विमा उतरवावा, तसाच हा प्रकार. कापसाच्या व्यापाऱ्यांनी पूर्वी पुढल्या हंगामाचे सौदे केले ते याच हेतूने. परंतु ज्याच्याजवळ साठाच नाही त्याने हा विमा कशाचा उतरविला? तो पैज लावतो. निर्देशांक ठरलेल्या दिवसापर्यंत अमुक आकड्याच्या वर जाईल की खाली, यावर काही हजार रुपये लावावयाचे. आकडा लागला तर पैसे काही पट, न लागला तर सायंकाळी त्या कागदाची किंमत शून्य. मुदत संपण्याच्या दिवशी अखेरच्या तासात चिल्लर किमतीला असे सौदे घेणाऱ्या तरुणांनी त्याला 'हीरो-झीरो' असे नावही दिले आहे. तेवढा प्रामाणिकपणा बाजाराच्या जाहिरातींत नाही.

या खेळाचा निकाल काय, हे कोणा टीकाकाराने नव्हे, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'ने मोजून सांगितले आहे. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी हे व्यवहार केले. त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तोट्यात गेलेल्यांनी सरासरी दोन लाख रुपये घालविले. साऱ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा ज्यांना झाला, ते शंभरांत एक होते. २०२४-२५ च्या एका वर्षात सुमारे ९६ लाख व्यक्तींनी १ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये गमावले. वर गृहखात्याने दिलेला सर्व प्रकारच्या सायबर चोरीचा वर्षाचा आकडा सांगितला आहे, तो याच्या शेजारी ठेवून पाहावा. परवानाधारक खेळात बुडालेली रक्कम बिनपरवाना चोरीच्या साडेचार पटींहून अधिक भरते.

आणि बुडतो कोण? २०२३-२४ मध्ये यांतले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. त्याच्या आदल्याच वर्षी हे प्रमाण ३१ होते. चारांत तिघांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत. तोटा झालेल्यांपैकीही चारांत तिघे पुन्हा खेळत राहिले. राज्यवार पाहता सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे. दर पाच खेळाडूंत एक आपला. उद्योगात आपण पहिले आहोत, गुंतवणुकीत पहिले आहोत, हे आमचे मंत्री सभांतून सांगत असतात. या पहिल्या क्रमांकाविषयी त्यांनी कधी चकार शब्द काढल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मुंबईच्या वाचकाला हे सारे वाचून काही आठवल्याशिवाय राहणार नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचा सकाळचा आणि सायंकाळचा भाव तारेने मुंबईत येई, आणि त्या आकड्यांवर गिरणगावापासून भुलेश्वरापर्यंत पैसे लागत. कापसाशी त्या खेळणाऱ्यांचा काय संबंध होता? १९६१ च्या सुमारास तो भाव येणे बंद झाले, तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढावयास प्रारंभ केला, तोच मटका. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्याने मराठीत कायमचे आणले. मध्यमवर्गाने मटक्याकडे नेहमी नाक मुरडून पाहिले. तो गिरणीकामगाराचा, हमालाचा, पानपट्टीवाल्याचा नाद समजला गेला, पोलिसांनी त्यावर धाडी घातल्या, समाजसुधारकांनी त्याविरुद्ध व्याख्याने दिली. आज निर्देशांकाच्या 'क्लोज'वर पैसे लावणारा अभियंता मटकेवाला नाही, तो 'ट्रेडर' आहे. त्याच्यापुढे दोन पडदे आहेत, आलेख आहेत, तो समाजमाध्यमावर आपले मतही देतो. पण मटक्यात चिठ्ठी काढणाऱ्याला निदान पुढचा आकडा ठाऊक नसे, असे धरून चालता येई. येथे समोर कोण बसला आहे?

याचेही उत्तर सेबीच्या पाहणीत आहे. २०२३-२४ मध्ये व्यक्तींनी खर्च सोडूनच सुमारे ६१ हजार कोटी गमावले, त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकसंस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. बेरीज वाचकांनीच करावी. या नफ्यातील ९६-९७ टक्के भाग संगणकाने आपोआप चालविलेल्या व्यवहारांतून आला होता. म्हणजे दादरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेला मुलगा ज्याच्याशी पैज लावतो तो माणूसच नव्हे. ते एक यंत्र आहे, आणि यूट्यूबवर तीन हजारांचा वर्ग लावून आपण त्याला हरवू अशी त्या मुलाची कल्पना आहे. ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने 'जेन स्ट्रीट' या अमेरिकन कंपनीवर ठपका ठेवून ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले. सकाळी बँकांचे शेअर मोठ्या प्रमाणावर खरेदी करून निर्देशांक चढवावयाचा, उलट बाजूचे ऑप्शन स्वस्तात घ्यावयाचे आणि दुपारी तेच शेअर विकून निर्देशांक पाडावयाचा, अशी ती रीत असल्याचे सेबीचे म्हणणे आहे. १७ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी कंपनीला ऑप्शनमध्ये सुमारे ७३५ कोटींचा लाभ झाला, असे आदेशात नमूद आहे. कंपनीला हा आरोप अमान्य असून तिने सप्टेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. न्याय व्हावयाचा तो होईल. आम्हांला या प्रकरणातून एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या पटावर असे खेळाडू आहेत तेथे पाच लाखांच्या आत मिळकत असणाऱ्यांना 'या, संधी साधा' म्हणून बोलावणे हा व्यापार असेल, पण त्याला समान संधी म्हणता येणार नाही.

सट्ट्याचा ताप मुंबईला नवा नाही, हेही खरे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा या शहराने कागदी कंपन्यांच्या शेअरांवर असाच जीव टाकला होता. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, जुलैमध्ये वायद्यांची मुदत भरली, आणि २,८५० रुपयांना गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. परंतु तो ताप काही वर्षांचा होता. आजचा ताप आठवड्याचा केला गेला आहे, आणि तो ठरवून केला गेला आहे. एके काळी महिन्याकाठी भरणारी मुदत शेअरबाजारांनी आपसांतील स्पर्धेपायी आठवड्याची केली. निरनिराळ्या निर्देशांकांना निरनिराळे वार देऊन सोमवार ते शुक्रवार रोज एक 'ओपन-क्लोज' घडवून आणला. २० नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवावयास लावली आणि सौद्याचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले, तेव्हा कोठे हा दैनिक तमाशा आटोक्यात आला. सप्टेंबर २०२५ पासून एका बाजाराचा वार मंगळवार आणि दुसऱ्याचा गुरुवार ठरला. दिवाळीच्या दुकानदारांनाही इतके सोयीस्कर वाटप साधले नसते.

दलाल दर व्यवहाराला शुल्क घेतो. गिऱ्हाईक जिंको वा हरो. त्या तीन वर्षांत व्यक्तींनी केवळ व्यवहारखर्चापायी सुमारे ५० हजार कोटी रुपये मोजले, त्यांतला निम्म्याहून अधिक भाग दलालीचा होता. बाजार आपला वाटा घेतो. आणि सरकार? रोख्यांच्या व्यवहारावरील कराचे, यात साध्या शेअरखरेदीचाही कर आला, सरकारी उत्पन्न वर्षाला ५० हजार कोटींच्या घरात गेले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वायद्यांवरील कर वाढविण्यात आला, तो सट्ट्यास आळा घालण्यासाठी, असे सांगितले गेले. दारूवरील कर वाढवितानाही आमची राज्यसरकारे असेच काही बोलत असतात.

याच सरकारने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ मात्र तडकाफडकी बंद केले. २० ऑगस्ट २०२५ रोजी विधेयक लोकसभेत आले आणि त्याच दिवशी संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ते संमत केले, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. लोकांचे वर्षाला सुमारे वीस हजार कोटी या खेळांत जातात, असा सरकारचा अंदाज होता. घरे उद्ध्वस्त होतात, तरुण आत्महत्या करतात, ही सरकारने दिलेली कारणे आम्हांलाही पटली. पण वीस हजार कोटींसाठी तीन दिवसांत कायदा होतो आणि एक लाख पाच हजार कोटींसाठी परिपत्रके निघतात, याची संगती लावावी कशी? रमीत बुडालेले पैसे घर मोडतात आणि ऑप्शनमध्ये बुडालेले मोडीत नाहीत, असे तर अर्थखात्याचे म्हणणे नसेल?

यावर एक उत्तर ठरलेले आहे: प्रौढ माणसाने आपल्या पैशाचे काय करावे हे सरकारने सांगू नये. दुसरे असे की, येथे दारे लावली तर हाच ओघ 'डब्बा' व्यापाराकडे, परदेशी ॲपकडे, नाही तर थेट वर वर्णन केलेल्या टोळ्यांकडे वळेल. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. परंतु ओघ आधी कोणी वाढविला? हा खेळ मोबाइलवर आणून, त्याला आठवड्याची चटक लावून, नव्वद लाखांवर माणसे ज्यांनी तयार केली त्यांनीच आता 'ही माणसे चोराकडे जातील' असा धाक घालावा, हे अजब आहे. आणि पहिले उत्तर? १ जुलै २०२३ पासून प्रत्येक दलालाच्या ॲपवर प्रवेश करताना एक सूचना दिसते: दहांपैकी नऊ व्यक्तींना या व्यवहारात तोटा होतो. लाखो माणसांनी ती हजार वेळा पाहिली आहे आणि बोटाने बाजूस सारली आहे, कारण त्यांतल्या प्रत्येकाची खात्री आहे की दहावा तो मीच. सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापून भागत नाही हे ज्यांना समजते, त्यांना या सूचनेचे बळ किती हे समजावयास हरकत नसावी.

आमचे म्हणणे असे आहे. साप्ताहिक मुदत पूर्णपणे रद्द करावी. विम्याची गरज असणाऱ्याला महिन्याची मुदत पुरते, आणि आठवड्याची ज्याला लागते तो विमा उतरवीत नाही. बँकखात्याचे सहा महिन्यांचे विवरण दाखल केले की कोणासही या बाजाराचे दार उघडते, ही ढिलाई संपवून उत्पन्नाच्या प्रमाणात तोट्याची मर्यादा घालावी आणि ती गाठली की दलालाने वर्षभर दार बंद करावे. गृहकर्ज देताना बँक माणसाची ऐपत पैन् पै तपासते. ऑप्शनचा दलाल का तपासणार नाही? भाड्याच्या खात्यांविषयी बँकांनाच अंशतः जबाबदार धरावे. ज्या खात्यात आयुष्यात दहा हजार आले नाहीत तेथे एका दुपारी वीस लाख येतात आणि तासाभरात जातात, हे बँकेच्या संगणकाला दिसत नाही यावर आमचा विश्वास बसत नाही. किमान शिल्लक कमी पडली तर पुष्कळ बँकांच्या त्याच संगणकाला ती बरोबर दिसते आणि दंड कापला जातो. आणि लोकांना शेअरबाजार 'शिकविणाऱ्या' मंडळींना आपला स्वतःचा लेखापरीक्षित नफा-तोटा जाहीर करावयास लावावे. त्यांतील किती मास्तर दुसऱ्या दिवशी वर्गावर येतात ते मग पाहू.

एक गोष्ट मात्र सरकारच्या हातची नाही, ती आमच्या वाचकांच्या घरातली आहे. पैसे गेल्यानंतर अशिक्षित माणूस बोंब मारतो, चार जणांना जमवितो, पोलिसचौकीवर जातो. सुशिक्षित माणूस गप्प बसतो. बायकोला काय सांगावे, मुलीच्या सासरी कळले तर काय, कचेरीत लोक काय म्हणतील, या विचारात तो पहिले दोन दिवस घालवितो. नेमक्या याच वेळात पैसा देशाबाहेर जातो. १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर वाटेतल्या खात्यांत रक्कम गोठविता येते, आणि पुष्कळांची ती गोठविली गेलीही आहे. चार दिवसांनी गेलेल्यास केवळ तक्रारीचा क्रमांक मिळतो. ऑप्शनमधल्या तोट्याचे तर कोठे तक्रार करण्यासारखेही काही नसते, म्हणून तो अधिकच लपतो. वैयक्तिक कर्जाने भागविला जातो, मग आधीचे कर्ज फेडावयास आणखी एक सौदा घेतला जातो. घरच्यांना कळते ते बँकेचा माणूस दारात उभा राहिल्यावर, आणि कधी कधी त्याहूनही उशिरा, जेव्हा सांगणारा माणूसच उरलेला नसतो.

"इतके शिकून एवढी अक्कल नसावी?" हा सकाळच्या चहाबरोबरचा उद्गार आम्हांला खुपतो तो याचसाठी. त्या उद्गाराच्या भीतीने शेजारच्या घरातला माणूस तोंड उघडीत नाही. अर्थमंत्र्यांनीही निदान एवढे करावे: पुढील अंदाजपत्रकात रोख्यांच्या व्यवहारकराची जमा ज्या पानावर छापली जाईल, त्याच पानावर, त्याच टाइपात, ती जमा व्हावी म्हणून त्या वर्षी किती व्यक्तींनी किती रुपये गमावले, हा सेबीने काढलेला आकडाही छापावा.